साहेबांसाठी दुसरी सही

अड्याळ, १९ नोव्हेंबर २०२४

राखी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील, तर थांब. आत रडगाणं नाही, काम आहे. मला तुझी एक सही हवी आहे. फॉर्म जोडला आहे, पेन्सिलने फुली केली आहे तिथे करायची आणि परत पाठवायचा. पाकीट, तिकीट, सगळं सोबत आहे.

तुझा फोन लागत नाही. आपल्या भिंतीला भिंत लागून मंगेशचं मोबाइलचं दुकान आहे ना, तो म्हणाला, "ब्लॉक करून ठेवलं असन जी बाई तिनं. दिवसभर लावलं तरी घंटी नाही जाय." पोस्टमनला अजून कोणी ब्लॉक करू शकत नाही, हे एक बरं आहे. मोनाच्या बारशाला पाठवलेली दुपटी परत आली नव्हती, म्हणून पत्ता बरोबर असावा असं धरून चालते.

तर विषय असा. दर नोव्हेंबरात मला भंडाऱ्याच्या बँकेत जाऊन मी जिवंत आहे असं लिहून द्यावं लागतं, तरच पेन्शन चालू राहते. यंदा तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे आता घरबसल्या होतं." म्हटलं, असू दे बाबा, वर्षातून एकदा तरी कोणी विचारतं. मंगेशच्या गाडीवर गेले होते. परतताना त्याला शहराबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात थंडीसाठी जुनी पोती टाकायची होती. मी बाहेर थांबणार होते, पण उन्हात किती उभं राहायचं, म्हणून आत गेले.

शेवटच्या पिंजऱ्यात एक कुत्रा बसला होता. ग्रेट डेन आणि गावठी असं काहीतरी मिसळलेलं, गोऱ्ह्याएवढा उंच, तोंड पांढरं. बाकीचे सगळे भुंकत होते, हा नाही. शाळा तपासायला आलेल्या विस्तार अधिकाऱ्याला चहा विचारायचा राहून गेला की तो जसा बघतो, तसा माझ्याकडे बघत होता. तिथे काम करणारी कामिनी नावाची मुलगी म्हणाली, "दोन वरीस झाले बाई. लोकं येतेत अन् पिल्लू मांगतेत. म्हाताऱ्याले कोन नेते?" मी नेते, म्हटलं. मंगेशच्या हातातली पोती खाली पडली.

पण त्यांचा नियम आहे. पासष्टच्या वरच्या माणसाला कुत्रा द्यायचा तर दुसरी सही लागते, पन्नाशीच्या आतल्या रक्ताच्या नात्याची. या बाईला काही झालं तर कुत्रा मी सांभाळीन, अशी. मंगेश तयार होता, पण शेजाऱ्यांच्या सहीवर ते दोनदा फसले आहेत. एकतीस जानेवारीपर्यंत तो माझ्याकडे तात्पुरता राहील. सही आली तर कायमचा, नाही आली तर परत पिंजऱ्यात.

सात वर्षांचा आहे, तब्येत ठणठणीत. तुला काही करावं लागणार नाही. मी काही इतक्यात मरत नाही, बँकेने तसं लिहून घेतलं आहे.

आई


अड्याळ, ८ डिसेंबर २०२४

राखी,

पत्र मिळालं असेलच. पोस्टमनला तीनदा विचारलं. आता तो आपल्या गल्लीत आला की आधी मान हलवतो आणि मग सायकलवरून उतरतो.

कुत्र्याचं नाव मी साहेब ठेवलं. गावात नेहमीप्रमाणे सगळे पाहून गेले. शेजारच्या रत्नाबाई म्हणाल्या, "बाई, गाय आनली असती तं दूध तरी भेटलं असतं. याच्यानं तं भुकनंबी होत नाही." खरंच होत नाही. मागचे पाय अधू आहेत, पडवीची पायरी चढताना बसकण मारतो. मी विटा-सिमेंट आणून उतार करून घेतला.

आणि एक दुरुस्ती. तो सात वर्षांचा नाही, अकरा वर्षांचा आहे. या आकाराच्या कुत्र्याला अकरा म्हणजे पुष्कळ झाले. खरं वय लिहिलं तर तू सही करणार नाहीस असं वाटलं. पत्र पेटीत टाकताना हात थांबला होता, पण टाकलं.

पूर्वी तो नागपूरकडे कोणाच्या तरी फार्महाउसवर होता. नऊ वर्षं साखळीला. मालक जागा विकून गेला आणि साखळीसकट याला सोडून गेला. आता मी त्याला अंगणात मोकळा सोडते, तर राखी, तो साखळीएवढंच फिरतो. पेरूच्या झाडापासून निघतो, आठ-दहा पावलं चालतो आणि काही नसताना वळतो. फाटक उघडं असलं तरी वळतो. मी पहिल्या दिवशी हसले. मग दुपारी किराणा आणायला गेले, तिथून तलावाच्या पाळीपर्यंत, तिथून घरी. रोज तेवढंच जाते. पुढे काही कोणी अडवत नाही. मग हसू आलं नाही.

मध्यंतरी माझा आवाज बसला होता. डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "घशाले काही नाही जी बाई. वापर नाही त्याचा. बोलत जा कोनासंग." छत्तीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांवर ओरडलेला घसा, त्याला वापर नाही! आता साहेबांशी बोलते. सकाळी पेज देताना पाढे म्हणते. एकोणतीसच्या पाढ्याला तो उठून जातो, तूही तिथेच उठायचीस. मला फार एकटं वाटतं, राखी. हे लिहायचं नव्हतं, पण शाई वाळली.

तुझा राग मला कळतो. मोना एकोणीस दिवसांची होती आणि बाबा भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते. तू फोन केलास, मी सांगितलं, बरे आहेत, आज वरणभात खाल्ला, तू येऊ नको. सव्वा महिना व्हायचा होता. ओल्या बाळंतिणीने पुण्याहून एवढा प्रवास करायचा, तान्हं लेकरू दवाखान्याच्या हवेत आणायचं, हे कोणती आई होऊ देईल? दुसऱ्या दिवशी ते गेले. मग तू फोनवर एकच वाक्य बोललीस, तेही गावच्या बोलीत, रागात तुझी बोली नेहमी गावची होते. "माह्या बापाले पाहाचं का नाही, हे तू कोन ठरवनारी?"

तीन वर्षं होत आली. तुझं भलं पाहिलं, एवढंच म्हणता येतं.

आई


अड्याळ, ५ जानेवारी २०२५

राखी,

सव्वीस दिवस राहिले आहेत. कामिनीचा फोन आला होता. "आनखी थांबता नाही येनार जी बाई, वरचे लोक विचारून राहिले," म्हणाली. तिचा दोष नाही.

आज दुसरंच लिहायचं आहे. हे वाचून तू सही करणार नाहीस, हे धरूनच लिहिते आहे.

काल बाजारात खुशाल भेटला, पूर्वी आपल्याकडे वरकामाला यायचा तो. उकडलेले शिंगाडे घेऊन बसतो आता, डोळ्यांना कमी दिसतं. साहेब माझ्याबरोबर होता. खुशालने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "बाप रे, केवढा हाय! बाई, याले बी पुलापल्याड सोडाचा असन तं माह्याच्यानं नाही होनार आता. पोत्यात मावनारच नाही."

झिपऱ्या पळून गेला नव्हता, राखी. मी त्याला सोडायला लावलं होतं.

तू सातवीत होतीस. तुझी शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि तू पुस्तक घेऊन त्या कुत्र्याजवळ जाऊन बसायचीस. त्याच्या अंगाला खरूज झाली होती. मला तुझा नंबर यायला हवा होता. आपल्याकडे कोणी जनावर मारत नाही, नदीपलीकडे नेऊन सोडतात. पाणी ओलांडलेलं जनावर परत येत नाही म्हणतात. खुशालने त्याला युरियाच्या पोत्यात घातलं, पोत्याचं तोंड मी बांधलं आणि तो त्याला मोटरसायकलवर पवनीच्या पुलापलीकडे घेऊन गेला. बाबांना माहीत नव्हतं. त्यांना मी सांगितलं, फाटक उघडं राहिलं.

तू आठ दिवस शोधलंस. बोडीच्या पाण्यावर, शेतांच्या धुऱ्यांवर, कोंढ्याच्या रस्त्यावर. आणि मी तुझ्याबरोबर फिरले. तुझ्याबरोबर त्याच्या नावाने हाका मारल्या. एकदा तुझा आवाज बसला म्हणून तुला पाळीवर बसवलं आणि मी एकटीच हाका मारत राहिले. आजवर मला त्याचा अभिमान होता बघ, की मी किती छान निभावलं. तुझा नंबर आला होता. जिल्ह्यात अकरावी.

काल मी खुशालकडून शिंगाडे घेतले आणि आले. साहेबांना सोलून दिले, त्यांनी दोन खाल्ले, तिसरा माझ्या हातात परत ठेवला. मला तिथेच पायरीवर रडू आलं. मी साहेबांना काही पुण्य मिळवायला आणलेलं नाही आणि प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द माझ्याजवळ नाहीत. एवढंच, की पिंजऱ्यात तो ओरडत नव्हता आणि मला ते सोडून येता आलं नाही. झिपऱ्याही पोत्यात ओरडला नव्हता. त्याला वाटलं असेल, बाई बांधते आहे म्हणजे बरोबरच असेल.

हे मी तुला कधीच सांगितलं नसतं. सही मागायला लागले आणि लक्षात आलं की तू कोणाच्या भरवशावर सही करणार?

आई


अड्याळ, २७ जानेवारी २०२५

राखी,

फॉर्म आला.

पाकिटात दुसरं काही नव्हतं, मी उलटंपालटं करून झटकून पाहिलं. सही केलीस. 'अर्जदाराशी नातं' या रकान्यात 'मुलगी' लिहिलंस. नवा फोन नंबर लिहिलास. आणि खाली कोऱ्या जागेत तुझ्या बारीक अक्षरात, "कुत्र्याला काहीही झालं तर आधी मला कळवायचं. खरं तेच."

मंगेशने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "बाई, हे तं तुमालेच दटावलं जी तिनं." मी म्हटलं, दटावू दे. दटावायला तरी माणूस लागतं.

लगेच त्याच्या गाडीवर भंडाऱ्याला गेले, फॉर्म कामिनीच्या हातात दिला. तिने शिक्का मारला. साहेब आता कागदोपत्री माझे. आणि माझ्यानंतर तुझे, पण ते सोड.

अट मान्य आहे. लाल शाईने लिहिते आहे, म्हणजे तुला कळेल की मी गंमत करत नाही.

नंबर मिळाला तरी फोन केला नाही. तो कुत्र्यासाठी दिला आहेस, माझ्यासाठी नाही, हे मला समजतं. मंगेशच्या मोबाइलवर मोनाचा एक फोटो पाहिला होता, कोणाच्या तरी लग्नातला. पुढचे दोन दात तुझ्यासारखे आहेत. त्याचं काही उत्तर नको.

साहेब बरा आहे. हे खरं आहे. वजन भरतं आहे. लाखोळीची भाजी आणि भात एवढा आवडीने खातो की माझ्या ताटाकडे बघून मला लाज वाटायला लावतो. मागचे पाय मी सकाळी कोमट तेलाने चोळते. परवा तो पेरूपासून निघाला, वळायच्या जागेपर्यंत गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि मग पुढे गेला. फाटकापर्यंत. तिथे उभा राहून त्याने रस्ता पाहिला. मी धावत जाऊन रत्नाबाईंना बोलावून आणलं. त्या म्हणाल्या, "कुत्रा फाटकापासी गेला, हे दाखवाले मले भाकरीवरून उठवलं का वं?" त्यांना कसं सांगू?

आई


अड्याळ, १७ फेब्रुवारी २०२५

राखी,

साहेब मजेत आहे. थंडी ओसरल्यामुळे पायही सुधारले आहेत. आज दूधभात खाल्ला. काळजीचं काही नाही. तुझी कामं सांभाळ, मोनाला जप. ऊन वाढतं आहे, तिला बाहेर फार नेऊ नको.

आई


अड्याळ, २१ फेब्रुवारी २०२५

राखी,

सोमवारचं पत्र तुला आज-उद्या मिळेल. ते फाडून टाक. ते खोटं आहे.

साहेबांनी दूधभात खाल्ला नाही. आज सहा दिवस झाले, त्यांनी काहीच खाल्लेलं नाही. पोट डाव्या बाजूने फुगलं आहे. गुरांचे डॉक्टर रविवारीच येऊन गेले. पोट चाचपून म्हणाले, आत मोठी गाठ आहे, वयामुळे कापता येणार नाही, दुखू नये म्हणून सुया देता येतील. दहा दिवस, फार तर पंधरा. हे मला रविवारी कळलं. सोमवारी मी तुला लिहिलं, मजेत आहे. लाल शाईला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

का लिहिलं, तेही सांगते. मंगेशला मी विचारलं होतं, राखी कशी आहे. तो मोबाइलवर कुठेतरी पाहून म्हणाला, तुझ्या दवाखान्यात तुला बढती मिळाली आहे, नवी ड्यूटी आहे, मोनाला बालवाडीत घातलं आहे. झालं. माझ्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. आत्ताच नवी ड्यूटी, रजा मिळायची नाही. लेकरू रुळतं आहे, हलवायला नको. ऊन वाढलं आहे. एका म्हाताऱ्या कुत्र्यासाठी कशाला? पाच मिनिटांत मी तुझ्या वतीने सगळं ठरवून टाकलं आणि पत्र पेटीत टाकून आले. येताना बरंसुद्धा वाटलं. मी तुझं भलं केलं होतं ना.

काल डॉक्टर सुई द्यायला आले. रत्नाबाई साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मला म्हणाल्या, "पोरीले कळवलं का वं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, कळवलं." राखी, मला माझाच आवाज ओळखू आला. अगदी असाच, याच सुरात, मी तीन वर्षांपूर्वी बोलले होते. ते तुला माहीत नाही.

तुला वाटतं की मी फक्त तुझ्याशी खोटं बोलले. तसं नाही. बाबा शुद्धीवर होते. शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी भात तर सोडच, पाणीसुद्धा धड घेतलं नाही, पण शुद्धीवर होते. तुझा फोन येऊन गेला त्या दुपारी ते मला म्हणाले, "राखीले बलाव." मी म्हटलं, हो. बाहेर गेले, व्हरांड्यात थोडा वेळ उभी राहिले, आत आले आणि सांगितलं, "फोन केला. निघाली ती."

मग त्यांनी वाट पाहिली. नर्सला सांगून उशी उंच करून घेतली, म्हणजे दार दिसेल. सारखे विचारायचे, कुठपर्यंत आली असेल? मी सांगत गेले. मनमाड गेलं असेल. आता भुसावळ. आता वर्धा आलं असेल. मी त्यांना तुझी गाडी स्टेशन-स्टेशनने आणून दिली. नागपूर आलं असेल, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी दाढी करायला सांगितली. सकाळी दहाला गेले. दाराकडेच बघत होते.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझा राग ऐकून घेताना मला मनात कुठेतरी बरं वाटायचं, की हिला निम्मंच माहीत आहे. आता सगळं माहीत आहे. माफी मागते. तुझं भलं पाहिलं, असं या वेळी म्हणत नाही. मला तुझं ऐकून घ्यायचं नव्हतं, मला ठरवायचं होतं, एवढंच ते होतं.

तुझा नंबर माझ्याजवळ आहे. आज तीनदा लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला. फोनवर माझा आवाज आपोआप 'सगळं ठीक आहे' म्हणतो, त्याचा मला भरवसा नाही. कागदावर निदान खोडता येतं. म्हणून हे लिहून मंगेशकडे देते आहे, तो फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवील. तो वाचेल, वाचू दे.

साहेब पडवीत पडून आहे. सुई दिली की चार-पाच तास दुखत नाही, तेव्हा डोळे उघडतो, शेपटी जमिनीवर एकदा आपटतो. तुला पाहायचं असेल तर ये. रजा मिळेल की नाही, लेकराला आणायचं की कोणाजवळ ठेवायचं, एवढ्या लांब एका कुत्र्यासाठी यायचं की नाही, हे तुझं तू ठरव. कुत्र्यासाठी यायचं आणि माझ्याशी एक शब्दही बोलायचं नाही, असंही चालेल. मी मागच्या खोलीत बसेन.

पुण्याची गाडी भंडारा रोडला उतरवते, तिथून पवनीची बस आपल्या गावावरून जाते. तुला माहीत आहे, तरी लिहिलं.

येणार असलीस तर कळवलं नाहीस तरी चालेल. येणार नसलीस तर मात्र तेवढं कळव. रत्नाबाई रोज विचारतात, आणि तू निघाली आहेस असं मी आता कोणालाही सांगणार नाही.

आई